दोन इंच वर

विश्रांतवाडी, पुणे
८ सप्टेंबर २००२

चि. आम्रपाली हिस,
सप्रेम जयभीम.

रविवारी फोनवर तू तीनदा विचारलंस, "बाबा, काय चाललंय?" आणि मी तीनदा "ठीक" म्हणालो. त्याचं कारण असं की फोन आईच्या खुर्चीला लागून आहे. तिचं बोलणं अजून जड आहे, शब्द तोंडातच विरघळतात. कान मात्र शाळेत शिकवताना होते तसेच आहेत, शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकणारे. तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलणं मला जमत नाही. म्हणून पत्र.

फेब्रुवारीत तिला झटका आला तेव्हा तू तीन आठवडे इथे होतीस. नंतरचं तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. उजवा हात, उजवा पाय. मंगळवारी आणि शनिवारी सदाशिव पेठेत व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायचं. रिक्षात तिला तोल सांभाळता येत नाही, म्हणून आपली जुनी व्हॅन. पण व्हॅनची सीट तिच्या चाकाच्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच. तेवढं तिला उचलताना माझी कंबर दोनदा धरली. मग एप्रिलमध्ये करीमभाई आणि मी गाडीच खाली आणली. पुढच्या स्प्रिंगा आखूड घातल्या, मागचे स्प्रिंगचे पाटे दाबून सपाट केले. आता खुर्ची आणि सीट एका पातळीत येतात. मधे फळी टाकली की ती सरकत आत जाते. करीमभाई तुला आठवत असेलच. कारखान्याच्या टूलरूममध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर अठ्ठावीस वर्षं काढली त्याने. आता खडकी बाजारात स्वतःचं लेथ टाकलं आहे.

अडचण अशी की गाडी खाली आली आणि रस्ता वर आला. आपल्या गल्लीत हल्ली घरटी एक इंजिनिअर आणि एक मोटार झाली आहे. ती पोरं जोरात जातात म्हणून रहिवाशांनीच तोंडाशी गतिरोधक घालून घेतला. त्याला गतिरोधक म्हणणं सौजन्याचं आहे, शेताचा बांध आहे तो. आपल्या गाडीचं पोट त्याला घासतं.

तर सध्या एक उद्योग हाती घेतला आहे. गाडीचं नाक तेवढ्यापुरतं दोन इंच वर उचलायचं, बांध ओलांडायचा, पुन्हा खाली ठेवायचं. तुमच्याकडे अमेरिकेत महागड्या बुटक्या गाड्यांना अशी सोय असते म्हणे. तेवढं बघून कळव.

तोवर आई घरीच आहे. तिलाही बाहेर पडायची विशेष इच्छा दिसत नाही.

तुझा,
बाबा

~

एडिसन, न्यू जर्सी
२३ सप्टेंबर २००२

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. रागावू नका, पण शेवटच्या दोन ओळी तुम्ही मुद्दाम शेवटी आणि मुद्दाम छोट्या लिहिल्या आहेत. आई घरीच आहे म्हणजे किती दिवस? व्यायाम बंद आहे का? डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते की पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढंच खरं. त्यातले सात महिने गेले. आणि तुम्ही खडकीला लेथवर उभे आहात?

मला कळतं, तुम्हाला हातात लोखंड असलं की बरं वाटतं. मी लहान असताना घरात भांडण झालं की तुम्ही सायकल उघडून बसायचात. पण बाबा, हे खेळण्याचे दिवस नाहीत. डॉक्टरांना घरी बोलवा, नाहीतर उंच गाडी भाड्याने घ्या आणि दोन माणसं मदतीला ठेवा. मी इथून काय करू ते सांगा.

लिफ्टचं बघितलं. असते अशी सोय. स्प्रिंगच्या डोक्यावर एक गोल सिलिंडर बसवतात, त्यात तेल सोडलं की पुढचा भाग उचलला जातो. इंटरनेटवरची चित्रं छापून सोबत पाठवते आहे. म्हणजे माझाही तुमच्या खेळाला हातभार.

तुम्ही स्वतः जेवता का वेळेवर?

आमू

~

विश्रांतवाडी
६ ऑक्टोबर २००२

चि. आमूस,
सप्रेम जयभीम.

तुझा राग बरोबर आहे, माहिती अपुरी आहे. ती मी दिली नव्हती. आता देतो.

१७ ऑगस्ट, शनिवार. व्यायामाला निघालो होतो. बांध नुकताच झाला होता, वर पांढरे पट्टेही नव्हते. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि गाडीचं पोट बांधावर बसलं. पुढे जाईना, मागे येईना. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. चारपाच जण धावून आले, चांगली माणसं होती. एक जण खिडकीत वाकून म्हणाला, "काकू, तुम्ही जरा उतरता का? वजन कमी होईल." आई त्याच्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "त्यांना उतरता येत नाही." मग त्यातला दुसरा म्हणाला, "असू द्या, काकूंसकट उचलू." आणि त्यांनी उचललं. एक, दोन, तीन म्हणून. आई आत बसलेली. बघायला सगळी गल्ली.

पदराचं टोक तिने डाव्या हातात गच्च धरलं होतं. सदाशिव पेठेत पोचेपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मी खुर्ची गाडीपाशी नेली तर तिने मान हलवली. शनिवारीही तेच. डॉक्टरांना घरी बोलावलं, ते दोनदा येऊन गेले, पण त्यांची यंत्रं, दांड्या, आरसा सगळं तिकडेच आहे. उंच गाडी आणि दोन माणसं म्हणतेस, म्हणजे पुन्हा तिला कोणीतरी उचलायचं. तीस वर्षं जिने महापालिकेच्या शाळेत साठ पोरं नुसत्या नजरेने बसवली, तिला रस्त्यात सामानासारखं उचललं गेलं. ते परत होणार नाही एवढी खात्री मला तिला द्यायची आहे. तोंडाने देऊन उपयोग नाही.

म्हणून लोखंड. सकाळचे दोन तास दुर्गाबाई शेजारून येऊन बसतात, तेव्हा मी होळकर पुलावरून खडकीला जातो.

चित्रं उपयोगी पडली. एका वाटीत दुसरी वाटी, मधे तेल. करीमभाईने चित्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "सीताराम, यात कठीण काहीच नाही. कठीण एवढंच की गळता कामा नये." पहिली वाटी परवा कातून झाली. ती गळते.

जेवतो वेळेवर.

बाबा

~

एडिसन
२० ऑक्टोबर २००२

ती. बाबा,

पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले थोडा वेळ. खेळ म्हणाले ते मागे घेते.

आता कामाचं. तुम्ही फिटर, मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी. म्हणून चुकाच विचारते. एक: गाडी उचललेली असताना नळी फुटली तर? दोन: एकाच बाजूची फुटली तर गाडी त्या बाजूला कलंडेल आणि स्टिअरिंग ओढेल. आई त्याच बाजूला असली तर? तीन: तुम्ही गाडी चालवताय, मग पंप कोण मारणार? चार: उतरवायला विसरलात आणि तशीच जोरात चालवलीत तर?

याची उत्तरं मिळाल्याशिवाय आईला त्यात बसवू नका. करीमचाचांनाही सांगा, मी विचारलंय म्हणून. त्यांना आणि कमरजहांचाचींना सलाम.

आईला माझी पत्रं वाचून दाखवता का? हे नका दाखवू.

आमू

ता. क. शेवटच्या चार ओळी खोडल्या आहेत, त्या वाचायचा प्रयत्न करू नका. सांगीन केव्हातरी.

~

विश्रांतवाडी
२४ नोव्हेंबर २००२

चि. आमूस,
सप्रेम जयभीम.

उशीर झाला, कारण तुझ्या प्रश्नांची उत्तरं कागदावर नाही, लोखंडात द्यायची होती. खोडलेल्या ओळी उजेडासमोर धरून पाहिल्या नाहीत. करीमभाईने पाहिल्या, त्यालाही काही उमगलं नाही.

नळी फुटली तर: वाट्यांच्या तळाशी दणकट खांदा ठेवला आहे. सगळं तेल गेलं तरी गाडी नेहमीच्या उंचीला येऊन टेकते, त्याखाली नाही. एका बाजूची फुटली तर: प्रत्येक वाटीच्या तोंडात सुईएवढं भोक ठेवलं आहे, तेल त्यातूनच जातं आणि येतं. आम्ही मुद्दाम एक नळी सोडून पाहिली. गाडी म्हातारा खाली बसावा तशी हळूहळू बसली. मला दार उघडून उतरायला वेळ मिळाला. उतरवायला विसरलो तर: समोर लाल दिवा लागतो. विसरण्याचं वय झालं आहे हे तू न लिहिता लिहिलंस, तेही बरोबर आहे.

पंपाचं जरा लांबलं. माझ्या उजव्या हाताशी दार, डाव्या हाताशी गिअर आणि हँडब्रेक. दांडा मारायला जागाच नाही. म्हणून तो पलीकडे, आईच्या सीटच्या डाव्या अंगाला दाराजवळ बसवला. बांध आला की मी गाडी थांबवणार, उतरून वळसा घालणार, दार उघडून अकरा झटके मारणार, परत येऊन बसणार. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवोत.

गळती तीनदा झाली. शेवटी करीमभाईने रबरी कड्याची खाच पुन्हा कातली. त्याचा शर्ट तेलाने असा भिजला की कमरजहांभाभींनी त्याला अंगणातच थांबवला. बुधवारी गाडीत वाळूची पोती आणि करीमभाई भरून मी तो बांध सहा वेळा ओलांडला. पोट एकदाही टेकलं नाही. करीमभाई खाली उतरून रस्त्यावर पालथा पडून बघत होता. म्हणाला, "बोट जातंय मधून, बोट!"

हे सगळं चांगलं झालं. आता वाईट.

शनिवारी मी गाडी दाराशी लावून आईला सगळं दाखवलं. खुर्ची पुढे घेऊन नाक वर गेलेलं दाखवलं, खाली आलेलं दाखवलं. तिने नीट बघितलं, कौतुकाने मान हलवली, माझ्या हातावरचं तेल पदराने पुसलं. मी म्हणालो, "चल, आता कोणी हात लावणार नाही." फळी टाकली. तिने डाव्या हाताने घराच्या दाराची चौकट धरली. मी हसत बोटं सोडवायला गेलो. सुटेनात. आमू, तिच्या त्या हातात एवढं बळ आहे हे मला माहीत नव्हतं. ती रडत होती आणि मान हलवत होती.

तीन महिने मी एका प्रश्नाचं उत्तर तयार करत होतो. प्रश्न तो नव्हताच की काय? माझं कुठे चुकलं ते मला दिसत नाही. तुला दिसतं का?

बाबा

~

(हे पत्र पाटीवर गिरवल्यासारख्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत होतं.)

९ डिसेंबर

आमू,

डाव्या हाताने लिहिते. दुर्गाबाईंनी वही आणून दिली. तीन महिने गिरवते आहे, बाबा खडकीला गेले की. पहिलीतल्या पोरांना मी किती मारलं अक्षरासाठी. आता कळतं.

ऑगस्टच्या वीस तारखेला, मंगळवारी सकाळी फोन आला. बाबा बाहेर गाडी काढत होते, दुर्गाबाई दूध आणायला गेल्या होत्या. मी उचलला. वृद्धाश्रमातून एक बाई बोलली. म्हणाली, तुमच्या मुलीने अमेरिकेहून चौकशी केली होती, पेशंटसाठी खालच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली आहे. गाडीने आणलं तरी चालेल.

मला बोलता आलं नाही. तिने हॅलो हॅलो केलं आणि ठेवला.

थोड्या वेळाने बाबा खुर्ची घेऊन आले. म्हणाले चल गाडीत.

मी रोज बघते ते गाडीचं काहीतरी करतात. सीटचं, दाराचं, स्प्रिंगचं. मला नेण्यासाठी एवढी तयारी.

लोकांनी उचललं त्याचं मला वाईट वाटलं. पण ते दोन दिवस.

मला विचारायचं आहे. हे तू ठरवलंस की दोघांनी? दोघांनी ठरवलं असेल तर मी बसते गाडीत. पण मला सांगून.

बाबांना हे पत्र माहीत नाही. दुर्गाबाई पोस्टात टाकतील.

आई

~

एडिसन
२२ डिसेंबर २००२

ती. आई आणि बाबा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र दोघांनी एकत्र वाचायचं आहे. बाबा, मोठ्याने वाचा. मधे थांबलात तरी चालेल, पण पूर्ण वाचा. आईचं पत्र सोबत परत पाठवते आहे, ते आधी वाचा.

आई, बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. अगदी काही नाही. ते सगळं मी केलं.

जूनमध्ये एका रविवारी बाबा फोनवर माझ्याशी बोलता बोलता झोपले. मला घोरणं ऐकू येत होतं आणि मागून तू काहीतरी हाक मारत होतीस, तेही ऐकू येत होतं. मी पाच मिनिटं "बाबा, बाबा" करत राहिले. मग फोन ठेवला आणि वाटलं, असंच कधीतरी दोघंही. नाजिमाला विचारलं. कॉलेजातली माझी मैत्रीण, तुम्ही ओळखता. तिच्या नात्यातलं कोणी सिंहगड रस्त्याकडच्या एका वृद्धाश्रमात राहत होतं, चांगली जागा आहे म्हणाली. मी तिथे ई-मेल केली, तुमचा नंबर दिला आणि जागा झाली तर आधी मला कळवा असं लिहिलं. तुम्हाला डिसेंबरात येऊन सांगणार होते. इथे निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, रजा मिळाली नाही, येता आलं नाही. ऑक्टोबरात त्यांची मेल आली की घरी फोन केला होता, कोणी बोललं नाही. मला वाटलं, राँग नंबर लागला असेल. तेच मी लिहून खोडलं होतं.

आई, मी काही ठरवलं नव्हतं. पण तुला न विचारता चौकशी केली, म्हणजे अर्धं ठरवलंच होतं, हे मला तुझं पत्र वाचून कळलं. तुला ऐकू येतं, समजतं, तुझं मत असेल, हे मी विसरले. झटका तुला आला होता आणि आंधळी मी झाले.

चार महिन्यांचा व्यायाम माझ्यामुळे बुडाला. याची माफी कशी मागतात मला माहीत नाही.

बाबा, तुमचं कुठेच चुकलं नव्हतं.

आमू

~

विश्रांतवाडी
१२ जानेवारी २००३

चि. आमूस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात शुक्रवारी आलं. मोठ्याने वाचलं. आईचं पत्र वाचताना दोनदा थांबलो, तुझं वाचताना एकदा. "दोघांनी ठरवलं असेल तर मी बसते गाडीत" या ओळीपाशी मला पुढे जाता येईना. तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवलं, वर्गात पोरगं अडलं की ठेवायची तसं. मग वाचलं.

दोन दिवस तुझा फार राग आला. रविवारी तू फोन केलास तेव्हा मी घेतला नाही, घरातच होतो. आई आता बोलायला पाटी घेते, तिच्यावर लिहिलं, "ती घाबरली होती." मी म्हणालो, "मग मला सांगायचं." तिने पुसून लिहिलं, "तुम्ही बांधाचं तिला लगेच सांगितलंत?"

सोमवारी मी विचारलं, "मग, उद्या व्यायामाला जायचं?" तिने लिहिलं, "आधी ती खोली बघायची."

मी म्हणालो, "कशाला? संपलं ना ते."

"माझ्यासाठी काय बघितलं होतं, ते बघायचं."

तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलेलो नाही, आता तर ती लिहून वाद घालते. गुरुवारी निघालो. फळीवरून सरकत ती स्वतः आत गेली, मी फक्त पाय उचलून ठेवले. गल्लीच्या तोंडाशी बांध आला. मी गाडी थांबवली, दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. तेवढ्यात खटखट आवाज आला. वळून बघतो तर आईने डाव्या हाताने पंपाचा दांडा धरला होता आणि मारत होती. मला तिने मानेनेच सांगितलं, बसा.

आमू, मी तो दांडा तिच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर बसवला. तिचा तोच हात चांगला आहे हे मला दिवसातून दहा वेळा दिसतं. करीमभाईलाही दिसतं. पण तो दांडा ती मारू शकेल हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. आंधळेपणाचं तू लिहिलंस, त्यात आम्हा दोघांनाही धर.

अकरा नाही, तिला सोळा झटके लागले. मागे तिघे हॉर्न वाजवत होते. तिने पूर्ण सोळा मारले, लाल दिवा लागलेला बघितला, मग मान हलवली. मी गाडी पुढे घेतली. बांध खालून निघून गेला, कळलंसुद्धा नाही. पलीकडे गेल्यावर तिनेच पंपाची किल्ली फिरवून तेल परत सोडलं आणि नाक खाली आणलं.

सिंहगड रस्त्यापर्यंत असे नऊ ठिकाणी थांबलो. संचेती हॉस्पिटलच्या चौकानंतर ती घामाघूम झाली होती. मी म्हणालो, "मी मारतो." तिने ऐकलं नाही. डॉक्टरांच्या भाषेत याला व्यायामच म्हणत असतील.

जागा खरंच वाईट नाही. स्वच्छ आहे, माणसं प्रेमाने बोलतात. फोन करणाऱ्या बाई भेटल्या, त्यांना झालेलं कळल्यावर त्या ओशाळल्या. ती खोली अजून रिकामीच होती. आईने खुर्ची आत घ्यायला लावली. पलंगावर हात दाबून गादी बघितली, खिडकीचा अडसर ओढून बघितला. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड आहे. शेजारच्या खोलीत आनंदीबाई म्हणून एक राहतात, त्याही शिक्षिका होत्या, त्यांना भेटायला फार कोणी येत नाही. आई त्यांच्यापाशी अर्धा तास बसली. त्या बोलत होत्या, आई पाटीवर लिहीत होती, आणि आनंदीबाई चक्क तिच्या अक्षराला गुण देत होत्या. दहापैकी चार.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. मनात वाईट विचार आला, हिला इथे आवडलं तर? मग वाटलं, आवडलं तर आवडलं, तिला विचारायचं. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणतेस?"

तिने पाटी माझ्याकडे फिरवली. "चांगली आहे. मी नाही येणार. आनंदीबाईंना भेटायला महिन्यातून एकदा येऊ."

काल शनिवार होता. सदाशिव पेठेत गेलो. डॉक्टरांनी चार महिन्यांबद्दल माझी चांगली कानउघाडणी केली, मी ऐकून घेतली. उजव्या पायात किती परत येईल ते ते सांगत नाहीत. डावा खांदा तपासून मात्र म्हणाले, "हा कशाने एवढा दुखतोय?" आई हसली. आवाज फुटला हसताना. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

तू फोन कर. मी घेईन.

बाबा

खाली जागा आहे, ती आई मागते आहे.

*आमू, बाबा ब्रेक उशिरा मारतात. आठ वेळा सांगून ऐकत नाहीत. तू ये. काही ठरवून येऊ नकोस. आल्यावर बसून बोलू, मला वेळ लागेल लिहायला, तेवढं थांबायचं.*